सेमीचा वर्ग, कापूर आणि शिंगवाले शब्द

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सेमी सुरू झालं ते काही फार शैक्षणिक विचार करून नाही, पट टिकवायला. रोज सकाळी पिवळी गाडी यायची आणि गावातली पोरं भरून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला न्यायची, मग शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठरलं की आपणही सेमी करू, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीत. मी ऑनलाइन बदलीत इथे आले तेव्हा हेडसरांनी सहावीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी तिन्ही माझ्या गळ्यात घातलं, का तर म्हणे मॅडमचं इंग्रजी बरंय. बरंय म्हणजे काय, माझं स्वतःचं पहिलीपासून डीएडपर्यंत सगळं मराठीतून झालेलं, इंग्रजी पेपर वाचते आणि अडलं तर डिक्शनरी बघते एवढंच. मराठवाड्यातली शाळा, अर्धी पोरं गावातली, अर्धी जवळच्या तांड्यावरची.

आता पोरांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही हं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, त्यामुळे सहावीत येईपर्यंत प्रत्येकाच्या कानावरून पाच वर्षं इंग्रजी गेलेलं असतं. मे आय कम इन मॅडम, माय फादर इज अ फार्मर, कविता तर अशी म्हणतात की पाहुणे खूष होऊन जातात. फोटोसिंथेसिसचं स्पेलिंग विचारा, न अडखळता सांगतील. पण "व्हाय डू वेट क्लोद्स ड्राय फास्टर इन समर?" असं विचारलं की सगळा वर्ग खाली बघायला लागायचा. तोच प्रश्न मराठीत टाकला तर मागच्या बाकावरून लगेच, "ऊन कडक असतंय मॅडम, पाणी लवकर उडतंय." म्हणजे विज्ञान डोक्यात आहे, इंग्रजी शब्दही बरेचसे आहेत, फक्त ते एकमेकांना भेटत नाहीत.

भिंतीवर काळांचा मोठा तक्ता होता, माझ्या आधीच्या सरांनी मेहनत घेऊन रंगवलेला, बारा काळ, प्रत्येकात आंबा खाल्लेला. मीही सुरुवातीला व्याकरणाचा वेगळा तास घेत होते, रिकाम्या जागा भरा, वाक्य निगेटिव्ह करा, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा. वह्या बघितल्या तर सगळं बरोबर, टिक टिक टिक. आणि त्याच मुलीची विज्ञानाची वही उघडली की "वॉटर इज इव्हॅपोरेट बिकॉज सन." एकाच दप्तरातल्या दोन वह्या पण जणू दोन वेगळ्या मुलींनी लिहिल्यात. बरं असं एखाद्या पोराचं असतं तर गोष्ट वेगळी होती, हुशार म्हणावीत त्या पोरांचंही तेच.

मग मी एक साधी गोष्ट केली. विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान सगळ्यांना उघडायला सांगितलं आणि म्हटलं, पेन्सिल घ्या, जे कळत नाही त्याच्याखाली रेघ मारा, मार्कबिर्क काही नाही, मलाच बघायचंय. मला वाटलेलं मोठमोठ्या शब्दांखाली रेघा येतील, कंडेन्सेशन, प्रॉपर्टीज, असल्या. तिथे एकही रेघ नव्हती, कारण ते शब्द ठळक छापलेले असतात आणि त्यांच्यावर पोरांनी आधीच पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून ठेवलेला असतो. रेघा होत्या व्हिच, ड्यू टू, इज मेड अप ऑफ, हाउएव्हर, अनलेस यांच्याखाली. हे शब्द शब्दार्थांच्या यादीत कधीच नसतात, व्याकरणाच्या तासालाही कुणी शिकवत नाही, आणि खरं बघायला गेलं तर वाक्याचा सगळा अर्थ यांनीच धरून ठेवलेला असतो. ते पान मी घरी आणलं आणि बराच वेळ बघत बसले.

एका प्रशिक्षणात जिम कमिन्स या कॅनडातल्या संशोधकाबद्दल ऐकलं होतं, ते तेव्हा आठवलं. त्याने १९७९ साली मांडलं की गप्पा मारायची भाषा वेगळी आणि शाळेत शिकायची भाषा वेगळी, आणि पुढे दाखवलं की परदेशातून आलेल्या मुलांना गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण पुस्तकी भाषेत बाकीच्यांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आता ती मुलं राहतात इंग्रजीच्या मध्यात, दुकानात इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी, मैदानावर इंग्रजी. आमच्या पोरांना शाळेचं गेट ओलांडलं की इंग्रजी भेटतं ते बिस्किटच्या पुड्यावर आणि मोबाईलवर. तेव्हा आम्ही जूनमध्ये सेमी सुरू करून दिवाळीपर्यंत पोरांनी उत्तरं लिहावीत अशी अपेक्षा धरतो ती कशाच्या जोरावर, देव जाणे.

तर व्याकरणाचा वेगळा तास मी बंद केला आणि ते विज्ञानाच्या धड्यात घुसवायचं ठरवलं. पहिल्यांदा जमलं ते कापराच्या प्रयोगात. धडा पदार्थांच्या अवस्थांचा, त्यात संप्लवन, म्हणजे स्थायू पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो ते, कापूर, आयोडीन, डांबरगोळी ही ठरलेली उदाहरणं. कापूर पट्कन पेट घेतो म्हणून ज्योत थेट लावली नाही, पोषण आहाराच्या ताईंकडून उकळत्या पाण्याचं पातेलं घेतलं, त्यावर वाटीत कापराचा चुरा, वर काचेचं नरसाळं उलटं आणि नरसाळ्याच्या तोंडाला कापूस. अर्धा वर्ग आत बघायला आणि अर्धा वर्ग बाहेर व्हरांड्यात, ते नाराज, पण मी म्हटलं तुमचं काम नंतर आहे.

थोड्या वेळानं नरसाळ्याला आतून पांढरा थर धरला, वाटीतला कापूर कमी झाला, वर्गभर देवळासारखा वास. मग बाहेरची पोरं आत घेतली, सामान झाकून ठेवलं आणि जोड्या लावल्या, बघितलेल्यानं न बघितलेल्याला सांगायचं, हात वापरायचे नाहीत, बोट दाखवायचं नाही. आधी मराठीत.

"ते असं वर गेलं अन् तिकडं चिकटलं."

"काय गेलं? कुठं चिकटलं?"

"अरे ते, वाटीतलं."

"वाटीतलं काय?"

ही जुगलबंदी ऐकत मी वर्गात फिरत होते. समोर वस्तू असते तेव्हा ते, हे, तिकडं यावर भागतं, ऐकणाऱ्यानं बघितलेलंच नसलं की प्रत्येक गोष्टीचं नाव घ्यावं लागतं आणि आधी काय झालं, मग काय झालं हे क्रमानं सांगावं लागतं. पुस्तकाची भाषा अशी का असते ते पोरांना इथं मराठीतच कळलं, मी एक शब्द न सांगता. त्यानंतर तेच इंग्रजीत. पहिल्या फेरीत "इट गो अप, इट स्टिक." समोरच्याला मी शिकवून ठेवलेलं, त्यानं फक्त विचारायचं, "व्हॉट गोज अप? स्टिक व्हेअर?" मग हळूहळू कॅम्फर आलं, फनेल आलं, व्हाइट पावडर आलं. एका मुलीनं "कॅम्फर नॉट वॉटर, डायरेक्ट गॅस" असं सांगितलं. व्याकरण शून्य, पण संप्लवनाची आख्खी व्याख्या त्यात आली, मला तर तिथंच पेढे वाटावेसे वाटले.

लिहायला मग त्याच वाक्यापासून सुरुवात केली, फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं आणि सगळ्यांनी मिळून ते वाढवलं. कॅम्फर चेंजेस डायरेक्टली इंटू गॅस. हे कधी होतं? तापवल्यावर. कुणी तापवलं? मॅडमनं. मग एकानं सांगितलं, "व्हेन मॅडम हीट्स कॅम्फर." मी म्हटलं उद्या तुझ्या आईनं तापवला तर कापूर उडणार नाही का? सगळे हसले. मग मॅडमला काढून टाकायचं, व्हेन कॅम्फर इज हीटेड. पॅसिव्ह व्हॉइस त्या दिवशी कामाला लागला, कारण मॅडमला वाक्यातून हाकलायचं होतं. आणि गंमत म्हणजे मराठीत आपण हे रोज करतो, "कापूर तापवला की उडतो" यात कुणी तापवला त्याचा पत्ताच नाही, पोरांना ते आयतंच येतं. तक्त्यावरचा आंबा कुणाकडून खाल्ला गेला याचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं, म्हणून तो पॅसिव्ह कधी डोक्यात शिरला नाही असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट त्याच धड्यात सापडली. पुस्तकात अशा व्याख्या असतात की आधी दोन वाक्यांत सगळी क्रिया सांगतात आणि मग "धिस इज कॉल्ड सब्लिमेशन." पोरांना विचारलं, धिस म्हणजे काय? कॅम्फर, असं बहुतेकांचं उत्तर. म्हणून तर पेपरात "सब्लिमेशन इज कॅम्फर" असली उत्तरं येतात आणि आपण म्हणतो पोरगं बिनडोक आहे. पोरानं शेजारचं नाम पकडलं, त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे, इथलं धिस म्हणजे मागचं आख्खं वाक्य असतं हे त्याला कुणी सांगितलंय? मी फळ्यावर धिसला गोल केला आणि तिथून रंगीत खडूनं बाण काढत मागच्या वाक्याच्या सुरुवातीपर्यंत नेला. आता पोरं पुस्तकात स्वतःच बाण काढतात, काहींची पुस्तकं इतकी बाणांनी भरलीत की पुढच्या वर्षी ती कुणाला देता येतील असं वाटत नाही.

गणिताचं दुखणं वेगळं होतं. बेरीज वजाबाकी सगळ्यांना येते, पण "सबट्रॅक्ट ८ फ्रॉम १५" दिलं की वहीत ८ वजा १५. जसं दिसलं तसं डावीकडून मांडलं. "हाऊ मेनी मोर" दिसलं की बेरीज, कारण मोर म्हणजे जास्त, जास्त म्हणजे प्लस, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. "५ लेस दॅन १२" म्हटलं की ५ वजा १२. इथे मी चिंचोके घेतले आणि परत मराठीतून सुरुवात. राजूकडं सीमापेक्षा ३ चिंचोके जास्त, मांडा. पटापट मांडले. आता इंग्रजीत सांगा. "राजू सीमा दॅन थ्री मोर." बघा, मराठीची आख्खी रचना जशीच्या तशी, फक्त शब्द बदलले.

तेव्हा मी फळ्याच्या दोन भागांत दोन्हीकडची वाक्यं लिहिली. टेबलावर, ऑन द टेबल. सीमापेक्षा, दॅन सीमा. १५ मधून, फ्रॉम १५. घरापासून, फ्रॉम होम. पोरांनीच शोधलं की मराठीत हे शब्द मागे लागतात आणि इंग्रजीत पुढे. मी म्हटलं मराठीत ही शेपटी आहे आणि इंग्रजीत शिंग. बस, त्या दिवसापासून वर्गात त्यांचं नाव शिंगवाले शब्द. उदाहरण सोडवायच्या आधी पहिलं काम, शिंग शोधा आणि ते कुणाच्या डोक्यावर आहे बघा. फ्रॉमचं शिंग १५ वर आहे, म्हणजे १५ मधून काढायचे. प्रिपोझिशन हा शब्द मी नंतर सांगितला, तो परीक्षेपुरता. सगळ्यांचं सगळं बरोबर यायला लागलं असं मुळीच नाही, लेस दॅन अजूनही दगा देतं, कारण त्यात संख्या उलट्या येतात आणि घाईत पोरं शिंग बघत नाहीत.

जाता जाता, आकड्यांचाही एक घोळ असतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला वीस दोन असंही म्हणा असं आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, विनोद झाले, विधानसभेपर्यंत गेलं. मी त्या वादात पडत नाही, पण सेमीच्या वर्गात बसून बघा. पोरगं तोंडानं टू टू जा फोर म्हणतं आणि मोठा गुणाकार आला की ओठ हलतात ते बे दुणे चारवर. मी आता स्पष्ट सांगितलंय, डोक्यातला हिशेब ज्या भाषेत येतो त्या भाषेत करा, फळ्यावर बोलताना फक्त इंग्रजीत सांगा. वेग वाढला.

तांड्यावरच्या पोरांचं मात्र मराठीतून सुरुवात करण्यानं पूर्ण भागत नाही हे लक्षात यायला मला वेळ लागला. त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मराठी त्यांची शाळेतली भाषा, इंग्रजी तिसरी. एक मुलगा होता, वर्गात वर्षभर तोंड न उघडणारा. ध्वनीच्या धड्याला ताटावर रबर ताणून छेडायचं आणि कंपन बघायचं असं होतं, तेव्हा जोडी लावताना मी त्याला त्याच्याच तांड्यावरच्या चुलतभावाबरोबर बसवलं आणि म्हटलं, तुमच्या भाषेत सांग. तो जे सुरू झाला ते थांबेचना, हातवारे, ताटावर टकटक, भाऊ मध्ये प्रश्न विचारतोय, हा परत सांगतोय. मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नाही. पण त्यानंतर इंग्रजीत त्याची दोन वाक्यं आली, "व्हेन रबर व्हायब्रेट, साउंड कम. व्हेन रबर स्टॉप, साउंड स्टॉप." व्हेनची जागा दोन्हीकडे अचूक. ध्वनीचं कारण कंपन, हे यापेक्षा नीट मी तरी सांगू शकले नसते. आता गोरमाटी, मराठी, इंग्रजी असा तीन फेऱ्यांचा खेळ चालतो आणि वर्गात गोंगाट असतो, शेजारच्या वर्गाचे सर दोनदा दार लावून गेलेत.

वाक्यांच्या पट्ट्याही केल्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. अमुक इज मेड अप ऑफ तमुक. इफ अमुक, देन तमुक. अमुक इज डिफरंट फ्रॉम तमुक बिकॉज. पोरं बोलताना त्या हातात धरतात. पट्ट्यांचा फायदा झाला पण त्यात एक धोका आहे, पोरं नुसत्या जागा भरायला लागतात. "द स्केलेटन इज मेड अप ऑफ बोन्स" पर्यंत ठीक, मग एका कारट्यानं "मॅडम इज मेड अप ऑफ चॉक" केलं. चूक काय म्हणणार, वाक्य शुद्ध आहे आणि हात बघितले तर खरंही आहे. पण त्यामुळे मी नियम केला की पट्टी काही दिवस भिंतीवर, मग काढून टाकायची, आणि काढल्यावर तेच आपल्या मनानं म्हणून दाखवायचं. पट्टी काढली की पहिले काही दिवस वाक्यं परत मोडतात, त्याला इलाज नाही, मोडू द्यायची. वर्षभर लटकत राहिलेली पट्टी काळांच्या तक्त्यासारखीच होते, कुणी बघत नाही.

पालकांचा प्रश्न अपेक्षितच होता. पालकसभेत एका मुलीच्या वडलांनी उभं राहून विचारलं, "मॅडम, सेमी म्हणता आणि पोरगी सांगते मॅडम मराठीतच बोलतात, मग आमच्या गाडीचे पैसे वाचवून फायदा काय?" प्रश्न चुकीचा नव्हता, माणूस गवंडीकाम करतो, पोरीसाठी बघतो. मी भाषण दिलं नाही, त्यांच्या मुलीलाच बोलावलं आणि म्हटलं, कापूर सांग. तिनं आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, थोडं अडखळत, एक व्हेन आणि एक बिकॉज घालून. मग मी म्हटलं आता उलट विचारा, हिला काय कळलंय ते तुम्हीच मराठीत विचारा. त्यांनी विचारलं, डांबरगोळी कपाटात लहान होत जाते ते हेच का? पोरगी म्हणाली, "हो पप्पा, सेम." ते बसले. पटलं की नाही सांगता येत नाही, पण पोरगी अजून आमच्याच शाळेत आहे.

साहेब लोकांचं अवघड असतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी सेमीच्या वर्गात मराठी आणि गोरमाटी ऐकून शेरा मारला की माध्यमाची अंमलबजावणी होत नाही. मी वह्या दाखवल्या, पोरांनी स्वतः लिहिलेल्या प्रयोगाच्या नोंदी, चुकांसकट. त्यांनी चुका मोजल्या. आता काय बोलणार.

आणि चुकांचंच बोलायचं तर सध्या माझं धोरण असं आहे. ए, ॲन, द यांच्याकडे मी सहावीत बघतही नाही, ते वाचून वाचून पुढे येईल, नाही आलं तरी पाणी उकळायचं थांबत नाही. हीट्सचा एस, तोही बोलताना सोडते, लिहिताना एकदा गोल करते. पण इफ, बिकॉज, देअरफोर, दॅन, फ्रॉम इथे चूक झाली तर तिथेच थांबवते, कारण तिथे इंग्रजीबरोबर विज्ञान पण चुकतं. "इट रेन्स बिकॉज द ग्राउंड इज वेट" हे व्याकरणाच्या पुस्तकानं बरोबर दिलं असतं, विज्ञानाच्या वहीत मी त्याला फुली मारते, आणि त्या कंपनवाल्या पोराच्या बिनएसच्या दोन्ही वाक्यांना पूर्ण मार्क देते. संकलितच्या, म्हणजे सत्राच्या परीक्षेच्या पेपरांवर याच कारणावरून आमच्या स्टाफरूममध्ये दर सत्राला भांडण होतं, इंग्रजीचे सर म्हणतात तुम्ही पोरांची सवय बिघडवताय, आणि पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत आम्हा दोघांनाही एकाच विषयावर बोलायला उभं करणार आहेत.